बाबी मास्तरांचं मागचं चाक

बाबी मास्तरांच्या घरात मोडकी वस्तू नव्हती. म्हणजे होत्या जवळजवळ सगळ्याच मोडक्या, पण तो शब्द त्या घरात चालत नसे. "वस्तू मोडत नाय गो सुमन," ते मला सांगत, "तिची बदली होता." कढईचा कान तुटला की कढईची बदली कोंबड्यांच्या पाण्याकडे. छत्री गेली की काड्यांची बदली वालीच्या वेलाकडे आणि कापडाची सायकलच्या सीटवर. निवृत्त होईपर्यंत ते आमच्या हायस्कुलात कार्यानुभवाचे शिक्षक होते आणि मी त्याच शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क. शिवाय आम्ही शेजारी. दोन घरांच्या मधे चिऱ्याचा गडगा, म्हणजे बुटकी दगडी भिंत, आणि त्या गडग्यावर ओळीने वाळत ठेवलेले मास्तरांचे नटबोल्ट, साखळ्या आणि रबरं. माझे पापड मी दुसरीकडे घाली.

माझा स्वभाव याच्या बरोबर उलट. मी याद्या करते. काय आणायचं, काय टाकायचं, कोणाला फोन करायचा, काम झालं की त्यावर काट. शाळेतल्या मोडक्या सामानाची यादी दर वर्षी मीच करत असे आणि ते सामान बाद करणाऱ्या समितीत मास्तर असत. एखाद्या मरणोन्मुख नातेवाइकाजवळ उभं राहावं तसे ते प्रत्येक खुर्चीजवळ उभे राहत. "हिका खंय पाठवतंस? हिचो पाय तरुण आसा." भूगोलाच्या वर्गातला पृथ्वीचा गोल विषुववृत्तावर फुटला, तेव्हा मी तो यादीत घातला. दुसऱ्या दिवशी उत्तर गोलार्ध शिक्षकखोलीतल्या दिव्यावर टोपी होऊन लटकत होता आणि दक्षिण गोलार्धात खडू ठेवलेले होते. पुढे कित्येक वर्षं आम्ही सायबेरियाच्या उजेडात चहा प्यायलो. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, "मास्तर, गोल शिकवायचा कसा?" मास्तर म्हणाले, "उत्तर गोलार्ध शिकवूचो आसलो तर पोरांका हयसर पाठवा."

मास्तर उंच, काटकुळे, कानावर कायम पेन्सिल. त्या पेन्सिलीने त्यांनी कधी माप लिहिल्याचं मला आठवत नाही. फूटपट्टीचा त्यांना राग होता. माडाच्या झावळाची हीर, म्हणजे पातीतली कडक काडी, घ्यायची, जिथे बसवायचं तिथे धरायची, नखाने मोडायची, झालं माप. हिरीवर आकडे नसतात, म्हणून चूकही नसते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी केलेलं बाक जरा डावीकडे कललेलं होतं. त्यावर त्यांचं उत्तर तयार असे: "वारो उजवीकडसून येता."

आणि त्यांची सायकल. गिअरची, जाड टायरांची, डोंगरात चालवायची ती. बांद्याच्या बाजारात गोव्याहून आलेल्या एका माणसाकडून त्यांनी ती घेतली होती आणि निवृत्तीनंतर ते तिच्यावरून उतरलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. बोलायचे तेही सायकलवरूनच. जाताना प्रश्न टाकायचे, येताना उत्तर गोळा करायचे. "सुमन, ग्रामसभेत काय झालां?" एवढं म्हणेपर्यंत ते वळणापलीकडे. अर्ध्या तासाने बांगडे घेऊन परत येत, गडग्याला पाय टेकवून उभे राहत आणि म्हणत, "हां, सांग." त्या अर्ध्या तासात मी उत्तर नीट मुद्द्यांत बांधून ठेवी. माझ्यासारखीला ही पद्धत फार सोयीची होती.

काकींना नव्हती. शालूकाकी म्हणजे मास्तरांची बायको. साठी उलटल्यावर त्या स्कूटर शिकल्या. गुलाबी रंगाची घेतली, आठवड्याभरात मालवणच्या बाजारात नेऊन आणली आणि तेव्हापासून गावातली कुठलीही बाई कुठेही जायला काकींना हाक मारत असे. मागच्या सीटवर मी बसले, माझी आई बसली, एकदा तर तांदळाच्या पोत्यावर शिक्षण विस्तार अधिकारी बसले. बसले नाहीत ते फक्त मास्तर. "पाठल्या सीटीर बसणां म्हणजे पार्सल होणां," ते म्हणत. "पार्सलाक खंय जातंय तां ठावक नसता."

काकी म्हणत, "तुमका तरी खंय ठावक असता?"

असं सगळं छान चाललेलं असताना एका सकाळी देवळाच्या उतारावर मास्तरांच्या सायकलची फ्रेम सीटखाली मोडली. खाऱ्या वाऱ्याने ती आतून खाल्ली होती. मास्तर सायकलवरून थेट पास्कूच्या कुंपणात. पास्कू म्हणजे समोर राहणारा, मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, मास्तरांचा जन्माचा मित्र आणि तेवढाच विरोधक. त्याने मास्तरांना मेंदीच्या झुडपातून बाहेर ओढलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मास्तरानू, आता हिची बदली खंय?"

काकींनी हळद लावता लावता निकाल दिला. मी तिथे होते, म्हणून शब्दाला शब्द सांगू शकते.

"देवान कौल दिल्यान. सायकल बंद. उद्यापासून माझ्या पाठी बसूचां."

"फ्रेम गेली. चाकां बरी आसत," मास्तर म्हणाले.

"चाकां बरी आसत म्हणान नुसत्या चाकांर बसान जातल्यात?"

बरीच वादावादी झाली. शेवटी अट ठरली, आणि ती काकींनी मला मोठ्याने म्हणून दाखवायला लावली, म्हणजे नंतर कोणाला वळवता येऊ नये. काकींचं माहेर मिठबावला. तिथल्या जत्रेला मास्तर दर वर्षी सायकलने जात. यंदाच्या जत्रेपर्यंत सायकल उभी करायची, तिच्यावरून मिठबावला जायचं आणि तिच्यावरूनच परत यायचं, चढावरही मधे उतरायचं नाही. जमलं तर काकी पुन्हा सायकलविरुद्ध बोलणार नाहीत. नाही जमलं तर सायकल भंगारात आणि मास्तर जन्मभर मागच्या सीटवर.

मास्तरांचा चेहरा त्या क्षणी मी पाहिला. गुडघ्याची हळद झोंबत नव्हती, दुसरंच काहीतरी झोंबत होतं. त्यांच्या वयाची माणसं एकेक करून कोणाच्या ना कोणाच्या मागे बसायला लागली होती. कोणी मुलाच्या, कोणी सुनेच्या. मागे बसलेला माणूस मधेच थांबून कोणाला प्रश्न विचारू शकत नाही.

मुलगी नीता पुण्याला. तिच्या ओळखीत कोणीतरी सायकल बदलली होती. त्या माणसाची जुनी फ्रेम तिने पाठवून दिली, पुढचा काटा आणि पुढचं चाक यांसकट. जुनी म्हणजे त्यांच्या हिशोबाने जुनी. मास्तरांच्या सायकलपुढे ती नातवाच्या वयाची होती. मागचं चाक मात्र नव्हतं. नीता फोनवर म्हणाली, "बाबा, मागचं चाक नवीन मागवते. तुमचं जुनं त्यात बसणार नाही."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं.

न बसण्याचं कारण मी समजून घेतलं, कारण समजल्याशिवाय मला यादी करता येत नाही. जुन्या फ्रेमला मागे दोन उघड्या खाचा होत्या, त्यात चाकाच्या आसाची टोकं खालून सरकवायची आणि बारीक दांड्याने आवळायची. नव्या फ्रेमला खाचाच नाहीत, दोन्ही बाजूंना बंद भोकं. त्यातून अंगठ्याएवढा जाड दांडा आरपार जातो. आमच्या चाकाचा आस बारीक, आतून त्याहून बारीक पोकळ, तो जाड दांडा त्यात शिरणं शक्य नाही. शिवाय नवी फ्रेम रुंद. चाक मधोमध धरलं की दोन्ही अंगांना सुपारीच्या कापाएवढी फट राहायची. आणि जुनं चाक पुढच्या नव्या चाकापेक्षा लहान, ते वेगळंच. पण ब्रेकची तबकडी जागेवर येत होती, साखळी येत होती. एकूण प्रश्न दोन फटी आणि दोन भोकं एवढाच होता.

"एवढोच!" मास्तर म्हणाले.

पहिला उपाय पास्कूचा. फ्रेम रुंद आहे ना, मग ती आवळा. त्याने बोटीचा नायलॉनचा दोर आणला, फ्रेमच्या मागच्या दोन दांड्यांना गुंडाळला आणि त्यात दांडकं घालून पिळायला लागला. फ्रेम कर्र वाजली. बाकी कोणी हलायच्या आत काकी घरातून बाहेर.

"मोडा, मोडा. स्कूटर चालूच आसा भायर."

पास्कूने दोर सोडला. मी नीताला फोन लावला. ती म्हणाली की अॅल्युमिनियम असं दाबलं तर कधीतरी उतारावर सरळ तुटेल. पास्कू म्हणाला, "लोखंड असता तर ऐकला असता."

"लोखंड तुझां ऐकता," मास्तर म्हणाले, "कारण तेचो निरुपाय आसा."

दुसरा उपाय मास्तरांचा स्वतःचा. फट सुपारीच्या कापाएवढी आहे, हे माझंच वाक्य होतं. मी ते सहज बोलले होते. मास्तर परसात गेले, पोफळीखालच्या सुक्या सुपाऱ्यांतून निवडून दोन आणल्या आणि कामाला लागले. सुपारी लाकडाहून कठीण असते हे खरं. त्यांनी दोन जाड चकत्या कापल्या, मधे भोक पाडलं, कानशीने घासल्या, खोबरेल तेलात मुरवल्या. हिरीने माप. खरं सांगायचं तर चकत्या इतक्या सुंदर झाल्या की मीही हातात घेऊन पाहिल्या. आतल्या तपकिरी रेषा शंखासारख्या दिसत होत्या. उजव्या बाजूची चकती बसली, घट्ट. डावी बसवायच्या आधी अजून थोडं तेल पिऊ दे म्हणून त्यांनी ती ओटीवरच्या पितळी तबकात ठेवली आणि आम्ही सगळे हात धुवायला विहिरीवर गेलो.

आमच्याकडे ओटीवर तबक असतं ते आल्यागेल्यासाठी. त्यात पान, चुना, काथ आणि सुपारी. आलेल्या माणसाने विचारायचं नसतं, घ्यायचं असतं. विचारणं म्हणजे घरच्यांचा अपमान.

आम्ही परत आलो तेव्हा गावचे मानकरी अण्णा ओटीवर बसले होते. देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. अडकित्ता शेजारी होता आणि तोंड चालू होतं.

मास्तरांनी तबकात पाहिलं, तबकाखाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "डावी खंय?"

"डावी काय?" अण्णांनी विचारलं.

"अण्णानू, हयसर एक सुपारी होती. भोकाची."

अण्णा चावायचे थांबले. मग विचार करून म्हणाले, "भोक माका दिसलां. माका वाटला किडकी आसा. पण कोणाच्या घरची सुपारी नावां ठेवन खावची नाय. जरा तेलकट होती. बरी होती."

पास्कू ओटीच्या खांबाला धरून खाली बसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. काकी पदर तोंडात घालून आत गेल्या. आतून भांडी पडल्यासारखा आवाज आला, तो भांड्यांचा नव्हता. मास्तर मात्र हसले नाहीत. उजवीकडची चकती काढून त्यांनी हातावर घेतली, निरखली आणि म्हणाले, "बरां झालां. जी वस्तू अण्णांच्या दातांका टिकाक नाय, ती मिठबावच्या चढाक काय टिकतली?" आणि ती चकतीही त्यांनी अण्णांपुढे केली. अण्णांनी, नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून, घेतली.

आता माझी पाळी आली. मी सरळ सांगितलं की कुडाळला औद्योगिक वसाहतीत लेथवाले आहेत, तिथे पितळेचे दोन बुश करून घ्यायचे. एका अंगाने चाकाच्या आसावर टोपीसारखे चढणारे, दुसऱ्या अंगाने फ्रेमच्या भोकात शिरणारे, मधे बारीक दांड्यापुरतं भोक. पास्कूकडे बोटीचा स्टेनलेस सळा होता, त्याला आटे पाडले की लांब दांडा तयार. मास्तर तयार झाले, पण मापं मी घेतली तर येणार नाही म्हणाले. शेवटी त्यांनी हिरी घेतल्या आणि मी शाळेच्या प्रयोगशाळेतून कॅलिपर आणून त्याच जागा मोजल्या. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मास्तर चाक घेऊन एसटीत चढले, मागून मी. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, चाकाचं तिकीट लागेल."

"चाकाक तिकीट?" मास्तरांनी चाक मांडीवर घेतलं. "मगे तुझ्या गाडीक खालती सहा आसत, तेंचां कोण भरता?"

अख्खी गाडी कंडक्टरकडे बघायला लागली. त्याने घंटी मारली. कुडाळ येईपर्यंत मास्तरांनी मागच्या तीन बाकांना सुपारीची गोष्ट सांगितली होती आणि उतरताना एक बाई मला म्हणाली, "जत्रेक पोचतले मा?" गोष्ट आता आमची राहिली नव्हती.

लेथवाला तरुण, घाईत. त्याने हात पुढे केला, "ड्रॉइंग?" मास्तरांनी हिरींची जुडी त्याच्या हातावर ठेवली. तो जुडीकडे बघत राहिला. मी माझा कागद पुढे केला. त्याने एक हीर उचलून आपल्या कॅलिपरमध्ये धरली, कागद पाहिला, दुसरी धरली, पुन्हा कागद पाहिला. मग म्हणाला, "दोन्ही सारखंच आहे की."

मास्तरांनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी विसरणार नाही. मीही त्यांच्याकडे तसाच टाकला. दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं आणि परतीच्या प्रवासात आम्ही फार खुशीत होतो.

बुश बसवायच्या दिवशी अण्णा स्वतःहून आले. सुपारीची बोच त्यांच्या मनाला होती. ते म्हणाले, "गाऱ्हाणां घालूया. माझ्याकडसून इतक्यां तरी." मास्तरांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, सायकल उलटी ठेवलेली, पुढ्यात नारळ, आणि आम्ही चार माणसं हात जोडून उभी.

"बा देवा म्हाराजा!" अण्णांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"आज बाबी मास्तराच्या खळ्यात ह्यां जुनां चाक नव्या फ्रेमीत नांदूक जाता हा..."

"व्हय म्हाराजा!"

"तेका सासर जरा रुंद पडला हा. तेका सांभाळून घी. खंय फट आसात ती बुजव, खंय वाकडां आसात तां सरळ कर..."

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज पास्कूचा. रविवारी चर्चमध्ये तो गातो, त्याचा गळा तयार आहे.

"आणि कोणी न कळता काय खाल्ल्यान आसात, तर लेकराची चूक पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

एवढ्यात दारातून काकी म्हणाल्या, "आणि मास्तराक अक्कल दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सवयीने ओरडलो. डोळे मिटून उभे असलेले मास्तरही ओरडले. ओरडून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

चाक बसलं. पास्कूने फ्रेम हाताने जराशी ताणली, पितळी बुश टक् करून भोकात शिरले, सळा आरपार गेला. मास्तरांनी पेडल मारलं आणि चाक फिरायला लागलं, फ्रेमच्या दोन दांड्यांच्या बरोबर मधून. सायकल सरळ उभी केल्यावर मात्र दिसलं की पुढचं चाक मोठं आणि मागचं लहान असल्यामुळे ती बसलेल्या बैलासारखी मागे टेकली आहे. सपाट अंगणातही चढ चढत असल्यासारखी.

"आता तुमका सगळीकडे चढच," पास्कू म्हणाला.

"पण उतारार मी सपाट असतलंय," मास्तर म्हणाले.

जत्रेच्या दिवशी आम्ही निघालो. पुढे मास्तर, मागे स्कूटरवर काकी, त्यांच्या मागे मी, साक्षीदार म्हणून. काकींनी एवढ्या हळू स्कूटर कधी चालवली नसेल. आचऱ्यापर्यंत मास्तर शीळ घालत होते. वाटेत ओळखीच्या माणसांना प्रश्न टाकत होते, "परत येताना सांग!" सायकलचा मागचा भाग खाली गेल्यामुळे वळणावर पेडल रस्त्याला घासत होतं, तेवढंच. खाडीवरच्या पुलावर वारा समोरून आला तेव्हा शीळ बंद झाली, पण मिठबावला आम्ही वेळेत पोचलो. काकींच्या भावाने दारात गाडी लावलेली होती, नवी, चारचाकी. तो म्हणाला, "भावोजी, येताना ह्या गाडीतसून या हो. सायकल टपार बांधूया." मास्तरांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "चारय चाकां सारखीच रे तुझी? मजा नाय."

रात्री दशावतार झाला. दुसऱ्या दिवशी कोंबडीवडे झाले, आणि मास्तर वड्यांच्या बाबतीत कधीच संयमी नव्हते. परत निघालो तेव्हा ऊन चढलेलं होतं.

तो चढ पुलाच्या अलीकडचा. फार मोठा नाही, पण लांब, आणि सावली नाही. अर्ध्यावर मास्तर डुलायला लागले. चाक व्यवस्थित होतं, मी मागून सारखी बघत होते. बुश तसूभर हलले नव्हते. दमले होते ते मास्तर. सायकल इकडून तिकडे जायला लागली, मान खाली गेली. मला वाटलं, आता काकी पुढे होतील, स्कूटर आडवी घालतील आणि म्हणतील, बसा. अट तशीच होती. मी स्वतः ती मोठ्याने म्हटली होती.

काकींनी वेग वाढवला. मास्तरांच्या शेजारून आम्ही गेलो, त्यांच्याकडे न बघता, आणि पुढे निघून गेलो. मी मान वळवली तर मास्तर उतरले होते. हँडलवर ओणवून उभे होते.

"काकी, ते उतरले," मी म्हटलं.

"पाठी बघू नको."

"पण अट..."

"माका काय दिसाक नाय. तुका दिसलां?"

माझ्या आयुष्यात मी एवढी धडधडीत खोटी गोष्ट शांतपणे क्वचित बोलले असेन. "नाही," मी म्हटलं.

चढ संपून रस्ता वळतो तिथे काजूच्या झाडाखाली काकींनी स्कूटर थांबवली. उतरल्या नाहीत. आरशात पदर सारखा केला, मग आरसाच खाली वळवून ठेवला. बराच वेळ गेला. एकदा त्या म्हणाल्या, "वडे जरा जास्तच घातलंय वाढताना." आणि मग वळणावरून मास्तर आले, सायकलवर बसून, पाठ ताठ, पेडल मारत. आमच्या शेजारून जाताना म्हणाले, "काय गो, दमल्यात?"

"मी कित्याक दमतलंय? तुमची वाट बघतंय," काकी म्हणाल्या आणि स्कूटर सुरू केली.

घरी पोचल्यावर पास्कू आणि अण्णा गडग्याजवळ उभेच होते. मास्तरांनी सायकल टेकवली, चाकाला हात लावला आणि जाहीर केलं, "गेलंय आणि इलंय." काकींनी मान हलवली. मला विचारलं तेव्हा मीही हलवली. पास्कूने फटाका लावला.

त्यानंतर मास्तर सायकलवरून हिंडत राहिले, प्रश्न टाकत आणि उत्तरं उचलत. अण्णा दर खेपेला थांबवून बुश बघायचे, जसे काही ते त्यांच्या घराण्याचेच. काकी शब्द पाळून एक अक्षर बोलल्या नाहीत. आणि मग एके दिवशी मी ओटीवर भाजी निवडत असताना गुलाबी स्कूटर गेटाबाहेर आली आणि काकींच्या मागे मास्तर होते. कानावर पेन्सिल, मांडीवर पिशवी. सायकल गडग्याला टेकलेली, धडधाकट.

मी गडग्याशी गेले. "मास्तर, हे काय? तुम्ही तर जिंकला होता."

"म्हणानच बसलंय," ते म्हणाले. "हरान बसणां वेगळां गो, जिंकान बसणां वेगळां." काकी हेल्मेटचा पट्टा लावण्यात गुंतल्या होत्या. मास्तर माझ्याकडे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "चढार ती पुढे गेली, ती काय पेट्रोल वाचवूक नाय. माका कळना नाय काय?"

"काय कुजबुजतात?" काकींनी विचारलं.

"सुमनक विचारतंय बाजारातसून काय व्हयां काय."

पुढच्या पावसाळ्यानंतर मास्तर फार दिवस नव्हते. झोपेतच गेले, कोणाला त्रास न देता. प्रश्न टाकून वळणापलीकडे जायची त्यांची रीत होतीच. पण माझ्या डोळ्यांसमोर ते येतात ते त्या स्कूटरच्या दिवशीचेच. स्कूटर तिठ्यापर्यंत गेली. तिठ्यावरून उजवीकडे मालवणचा बाजार, डावीकडे काकींच्या मैत्रिणीचं घर. मास्तरांनी वळणाच्या बरंच आधी उजवा हात सरळ बाहेर काढला, सायकलवाले काढतात तसा, पूर्ण लांब, बोटं जुळवून. मागून येणारा टेम्पो त्यांना मान देऊन थांबला.

काकी डावीकडे वळल्या.

टेम्पोवाल्याने कपाळाला हात लावला. मास्तर झाडांआड दिसेनासे झाले तेव्हाही त्यांचा हात उजवीकडेच होता.